पाच मिनिटांचा श्वास, ४६ तासांची विश्रांती



गेली काही वर्षे कचेऱ्यांतून, कारखान्यांतून आणि आमच्या रेल्वेच्या लॉब्यांतूनही एक उपदेश वारंवार कानावर पडतो. कामाचा ताण आला? दीर्घ श्वास घ्या. लक्ष लागत नाही? डोळे मिटा आणि श्वास मोजा. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला योग दिन साजरा होतो आणि त्या दिवशी साहेब व कामगार एकाच सतरंजीवर बसतात. १ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने 'वाय-ब्रेक' नावाचे मोबाइल अ‍ॅप काढले. कामाच्या जागी पाच मिनिटे थांबून थोडी आसने, थोडा प्राणायाम व थोडे ध्यान करावे, म्हणजे माणूस ताजातवाना होऊन कामाला लागतो, असा त्यामागचा विचार आहे. कार्मिक विभागाने लगेच सर्व मंत्रालयांना याचा प्रसार करण्यास कळविले.

यावर कामगारांत दोन तऱ्हेची मते ऐकू येतात. काही साथी म्हणतात, हे सगळे मालकवर्गाचे थोतांड आहे. पगार मागितला की प्राणायाम देतात. दुसरे काही साथी म्हणतात, सगळे मनावर असते. मन शांत असले की बारा तासांची ड्यूटीही जड जात नाही. आमच्या मते ही दोन्ही मते अर्धवट आहेत. श्वासाचा व्यायाम ही खरी आणि उपयोगाची गोष्ट आहे व कामगाराने ती शिकून घ्यावी. पण विश्रांतीचा बदला म्हणून कोणी ती आपल्या हातावर ठेवत असेल, तर तो व्यवहार आपण मान्य करू नये. दोन्ही गोष्टी एकदम कशा धरावयाच्या, याचा विचार येथे मांडत आहोत.

राजाजीनगरचा अनुभव

हा मजकूर आम्ही बंगळूरच्या राजाजीनगरातून लिहीत आहोत. राजाजींचे, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे, नाव असलेली ही वस्ती कारखान्यांच्या आधाराने वाढली. औद्योगिक वसाहतीत लेथ, पॉवर प्रेस आणि वेल्डिंगच्या शेड आजही आहेत. १९४६ मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिकमुळे शहराचा हा भाग मराठी माणसालाही परका वाटत नाही. पूर्वेकडे मल्लेश्वरमच्या बाजूने यशवंतपूरला जाणारा लोहमार्ग आहे आणि मार्च २०१४ पासून मेट्रोही डोक्यावरून धावते. आसपासच्या कित्येक जुन्या कारखान्यांच्या जागी मॉल आणि कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. त्यामुळे या एकाच वस्तीत तीन प्रकारचे कामगार शेजारी राहतात. एक लेथवर उभा असलेला, दुसरा मॉलच्या दारात बारा तास उभा असलेला वा रात्रभर संगणकासमोर बसलेला, आणि तिसरा आमच्यासारखा रेल्वेचा.

राजाजीनगरातच कर्मचारी राज्य विमा योजनेचे मोठे रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथल्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत कोणीही तासभर उभे राहून पाहावे. मशीनमध्ये बोट गेलेला कामगार असतो, तसेच रक्तदाब, आम्लपित्त, निद्रानाश आणि पाठदुखी घेऊन आलेलेही पुष्कळ असतात. या दुखण्यांची नोंद अपघाताच्या रजिस्टरात होत नाही. पण तीही कामावरूनच घरी आलेली असतात, हे घरच्या बायकामुलांना ठाऊक असते.

ही केवळ आमची समजूत नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात पक्षाघात व हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे मृत्युमुखी पडली. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानाने अशा माणसाला पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. ताण हा श्रीमंतांचा रोग आहे असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

श्वासाने नेमके काय होते

आता प्रथम श्वासाची बाजू नीट पाहू. आपल्या शरीरातले हृदय, जठर, आतडी ही आपल्या हुकमाने चालत नाहीत. नाडी कमी हो म्हटल्याने ती कमी होत नाही. श्वास मात्र झोपेतही आपोआप चालतो आणि मनात आणले तर आपण तो हळू वा जलद करू शकतो. म्हणून आत शिरण्याचा तो एक दरवाजा आहे. मनगटावर बोट ठेवून नाडी पाहा. श्वास आत घेताना ती किंचित जलद होते, सोडताना किंचित मंदावते. श्वास सावकाश सोडला की मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नावाची मज्जा हृदयाला 'जरा दमाने' असे सांगते. धोक्याच्या वेळी धडधडणारी छाती आणि कोरडा पडलेला घसा यांना उतार पडतो तो या मार्गाने.

याचा शास्त्रीय तपास करण्यात मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. क्ष-किरण आणि रक्तदाब मोजण्याची साधने वापरून योगाच्या क्रियांची तपासणी त्यांनी सुरू केली आणि त्याच वर्षी 'योग-मीमांसा' हे नियतकालिक काढले. चमत्काराच्या गोष्टी बाजूला ठेवून मोजून पाहावे, ही त्यांची दृष्टी होती. ज्या बोरघाटाच्या लोहमार्गासाठी हजारो मजुरांनी प्राण दिले आणि जो १८६३ मध्ये खुला झाला, त्याच घाटाच्या माथ्यावर ही संस्था आहे, हे रेल्वे कामगाराने ध्यानात ठेवावे. पुढे कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील बेल्लूर येथे जन्मलेले बी. के. एस. अय्यंगार पुण्यास स्थायिक झाले व तेथून त्यांनी ही विद्या जगभर नेली. म्हणजे या विषयात कर्नाटक व महाराष्ट्र यांचे देणेघेणे जुने आहे.

कोणी विचारील की हा एका धर्माचा प्रचार तर नव्हे? तसे मानण्याचे कारण नाही. इटलीतील डॉक्टरांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळ लॅटिनमध्ये म्हणावयास लावली आणि नंतर एक बौद्ध मंत्र म्हणावयास लावला. दोन्ही वेळा श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि रक्तदाब सांभाळणारी शरीरातील यंत्रणा अधिक चांगली चालू लागली. आमच्या युनियनमध्ये हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध, नास्तिक असे सगळे सभासद आहेत. फुफ्फुसे सर्वांची सारखीच आहेत. ज्याला मंत्र म्हणावयाचा नाही त्याने आकडे मोजावेत. काम तेच होते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२३ मध्ये असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. महिनाभर दररोज फक्त पाच मिनिटे, लांब उच्छ्वासावर भर देऊन श्वसन करणाऱ्यांच्या मनःस्थितीत ध्यान करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारणा दिसली. अर्थात हा प्रयोग घरी आपापल्या वेळी सराव करणाऱ्यांवर झाला होता, रात्री दोन वाजता मालगाडी घेऊन निघालेल्या माणसावर नव्हे. त्याचा अर्थ आपण तेवढाच घ्यावा.

कसे करावे आणि कोठे करू नये

ज्यांना करून पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी साधी रीत देतो. खुर्चीवर किंवा बाकावर पाठ ताठ ठेवून बसा. पट्टा सैल करा. नाकाने चार आकडे मोजेपर्यंत श्वास आत घ्या. पोट पुढे येऊ द्या, खांदे उचलू नका. मग सहा आकडे मोजेपर्यंत सावकाश सोडा. श्वास कोंडून धरण्याची गरज नाही. एक फेरी दहा सेकंदांची होते. पाच मिनिटांत तीस फेऱ्या होतात. मन भटकले तर पुन्हा आकड्यावर आणा, ते भटकणारच. ज्यांना आवडते त्यांनी उच्छ्वासाबरोबर भुंग्यासारखा हलका गुंजारव करावा, त्याला भ्रामरी म्हणतात. चक्कर आली वा बोटांना मुंग्या आल्या तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

रक्तदाब, हृदयविकार, दमा असलेल्यांनी व गर्भवती भगिनींनी कपालभाती, भस्त्रिका असले जोराचे प्रकार डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नयेत. दूरदर्शन संचावर पाहून तर मुळीच करू नयेत. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर श्वासाच्या भरवशावर ती बंद करू नये.

आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. डोळे मिटून करावयाचा कोणताही व्यायाम इंजिनात, रुळावर, चालत्या मशीनसमोर किंवा फाटकाच्या लीव्हरजवळ करू नये. ट्रॅकमनचे कान आणि डोळे हेच त्याचे प्राण आहेत. श्वासाची वेळ साइन ऑनच्या आधी, दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या वेळात स्टेशन मास्तरच्या खुर्चीवर, रनिंग रूममध्ये झोपण्यापूर्वी, किंवा पाळी संपल्यावर घरात पाऊल टाकण्याआधी. शेवटची वेळ आम्हांला फार महत्त्वाची वाटते. साहेबाचा राग घरच्या माणसांवर निघू नये यासाठी दारापाशी घेतलेले दहा श्वास पुष्कळ भांडणे वाचवतात.

कामावर लक्ष ठेवण्याच्या कलेत रेल्वे कामगार काही नवशिका नाही. लोको पायलट आणि सहायक सिग्नलचा रंग मोठ्याने एकमेकांना पुकारतात. एकाने पाहिले, तोंडाने म्हटले, दुसऱ्याने ऐकून दुजोरा दिला. डोळा, जीभ आणि कान तिन्ही कामाला लागल्याने मन दुसरीकडे जाण्यास वाव राहत नाही. जपानचे रेल्वे कामगार बोट दाखवून पुकारतात आणि त्यामुळे चुका मोठ्या प्रमाणात कमी होतात, असे तेथील रेल्वे संशोधन संस्थेच्या प्रयोगात दिसले. एकाग्रतेची ही पद्धत कामातूनच जन्मलेली आहे. तिला श्वासाची जोड मिळाली तर ती अधिक भक्कम होईल.

श्वासाला जे जमत नाही

आता दुसरी बाजू. श्वासाने धडधड कमी होते. झोप भरून निघत नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी 'नेचर' या विख्यात नियतकालिकात दाखवून दिले की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाचे हातडोळ्यांचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके घसरते. आपल्या देशात मोटार चालविणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे.

लॉबीत साइन ऑन करताना आमच्या लोको पायलटला नळीत फुंकर मारावी लागते. दारू प्यायला आहे की नाही, ते यंत्र सांगते. हे योग्यच आहे आणि युनियनने त्यास कधी हरकत घेऊ नये. प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण याच माणसाची काल किती झोप झाली, ही सलग कितवी रात्र आहे, हे त्या नळीत उमटत नाही. प्रशासन आमचा श्वास तपासते, पण आमची झोप तपासत नाही. इंजिनात मिनिटभर काही हालचाल झाली नाही तर दिवा लागतो, मग बझर वाजतो, मग ब्रेक लागतात. हे यंत्रही चांगले आहे. मात्र डोळा लागल्यानंतर काय करावे एवढेच ते जाणते. डोळा लागू नये यासाठी रोस्टर दुरुस्त करावे लागते.

कायदा काय म्हणतो ते सर्वांना माहीत असावे. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे इंटेन्सिव्ह वर्गातील कर्मचाऱ्याला आठवड्याला सरासरी ४५ तास, कंटिन्युअस वर्गाला ५४ तास आणि एसेन्शियली इंटरमिटंट वर्गाला ७५ तासांपर्यंत काम देता येते. ७५ तास! एखाद्या आडबाजूच्या फाटकावरील गेटमन याच वर्गात मोडतो. रनिंग स्टाफला महिन्यात निदान चार वेळा सलग ३० तासांची किंवा पाच वेळा सलग २२ तासांची विश्रांती, प्रत्येकीत एक पूर्ण रात्र धरून, असा नियम आहे.

जून २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेच्या लोको पायलटांनी आंदोलन केले. मुख्यालयातील १६ तासांची विश्रांती वेगळी आणि आठवड्याची ३० तासांची वेगळी, असे मिळून ४६ तास द्या. ४८ तासांत घरी परत आणा. सलग दोनपेक्षा अधिक रात्रपाळ्या लावू नका, अशा त्यांच्या मागण्या होत्या. चैनीच्या नव्हत्या, झोपेच्या होत्या. आणि झोप का मिळत नाही याचे एक उत्तर भरतीच्या आकड्यांत आहे. जानेवारी २०२४ मध्ये सहायक लोको पायलटच्या ५,६९६ जागा जाहीर झाल्या. जूनमध्ये तो आकडा वाढवून १८,७९९ करावा लागला. जागा रिकाम्या राहिल्या म्हणून गाड्या थांबल्या नाहीत. त्या हजर असलेल्यांनी चालविल्या.

आता 'वाय-ब्रेक'कडे पुन्हा वळू. टेबलावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याने पाच मिनिटे थांबावे असे सरकार २०२१ पासून सांगते. एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने मात्र लोको पायलटांना ड्यूटीवर जेवणासाठी आणि नैसर्गिक विधीसाठी ठराविक वेळ नेमून देणे शक्य नाही, असे कळविले. एकाच सरकारच्या दोन कागदांत हे अंतर आहे. श्वासासाठी पाच मिनिटे आहेत, लघवीसाठी नाहीत. अनेक इंजिनांत आजही स्वच्छतागृह नाही. सातारच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये रेल्वेत दाखल झाल्या, आशियातील पहिल्या महिला लोको पायलट म्हणून त्यांचा गौरव झाला आणि २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या मागून आता कितीतरी भगिनी इंजिनावर आल्या आहेत. ड्यूटीवर जाण्याआधी पाणी पिणे टाळणाऱ्या भगिनीला दीर्घ श्वास घ्या म्हणून सांगण्यास तोंड कसे धजावते?

हाच प्रश्न राजाजीनगरच्या शेडमध्ये वेगळ्या रूपाने उभा राहतो. ग्राइंडिंगची धूळ आणि वेल्डिंगचा धूर भरलेल्या खोलीत दीर्घ श्वास घेणे म्हणजे तो धूर अधिक खोल नेणे होय. तेथे पहिला व्यायाम म्हणजे धूर बाहेर काढणारा पंखा बसविणे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १३ व्या व १४ व्या कलमांनी हवा खेळती ठेवण्याचे आणि धूळ-धूर काढण्याचे बंधन मालकावर घातले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. कामगाराची फुफ्फुसे मात्र तीच आहेत.

भीतीचा ताण

ताणाचे आणखी एक कारण आहे आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. ते म्हणजे भीती. जपानमध्ये अमागासाकी येथे २५ एप्रिल २००५ रोजी एक लोकल गाडी वळणावर रुळांवरून घसरून इमारतीत शिरली. १०७ माणसे मेली, त्यांत २३ वर्षांचा चालकही होता. त्याआधीच्या स्टेशनवर गाडी फलाटाच्या पुढे गेली होती आणि सुमारे दीड मिनिटाचा उशीर झाला होता. चूक करणाऱ्या चालकांना तेथे 'शिक्षणा'च्या नावाखाली अपमानास्पद शिक्षा दिली जात असे आणि या तरुणाने ती पूर्वी भोगलेली होती. त्या दिवशी त्याच्या छातीत जे चालले होते ते मिटविण्यास चार आकडे श्वास आत व सहा आकडे बाहेर पुरे पडले नसते. ती शिक्षेची पद्धत बदलणे हाच त्यावर उपाय होता.

आपल्याकडे १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्सप्रेसवर आदळली. मालगाडीचा लोको पायलट मरण पावला आणि पहिल्याच दिवशी सिग्नल न पाळल्याचा ठपका त्याच्यावर आला. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत, स्वयंचलित सिग्नल बिघडलेले असताना गाड्या कशा चालवाव्यात याविषयीच्या व्यवस्थेतील आणि प्रशिक्षणातील उणिवा पुढे आल्या. मेलेला माणूस खुलासा देऊ शकत नाही. जिवंत असलेल्यांनी ते पाहिलेले असते आणि पुढच्या पिवळ्या सिग्नलपाशी ते त्यांच्या मनात असते.

रुळावर जीव देणाऱ्या माणसाला शेवटचे पाहणारा बहुधा लोको पायलटच असतो. ब्रेक लावूनही गाडी थांबत नाही. त्यानंतर पुष्कळदा तोच माणूस तीच गाडी पुढे घेऊन जातो. त्या क्षणी हात थरथरत असताना सावकाश श्वास सोडणे त्याला खरोखर आधार देते; आमच्या अनेक साथींनी तसे सांगितले आहे. परंतु त्या आधाराच्या जोरावर त्याच्याकडून पूर्ण पाळी करून घेणे ही माणुसकी नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या जागेवरील मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. ताण हाताळण्यास व्यक्तीला शिकवावे, असे त्यांत आहेच. पण त्याबरोबर कामाची रचना, कामाचा बोजा आणि वरिष्ठांचे वागणे यांत बदल करावा, असेही आहे. आपण दुसऱ्या भागाची आठवण करून दिली नाही तर पहिलाच भाग अमलात येतो, कारण तो स्वस्त असतो.

आपल्या मागण्या आणि आपले काम

विश्रांतीचा हक्क आपल्याला कोणी आपण होऊन दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. रेल्वे कामगारांच्या तासांचा प्रश्न न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्याकडे गेला आणि १९४७ मध्ये त्यांचा निवाडा आला. ८ मे १९७४ रोजी सुरू होऊन २७ मे रोजी मागे घ्यावा लागलेला संप हा बोनससाठी होता तसाच आठ तासांसाठीही होता. त्या संपात नोकरी गमावलेल्या माणसांच्या घरी आजही तो महिना कोणी विसरलेले नाही. थकलेल्या माणसाला दम खाण्यास वेळ मिळावा, एवढीच ती सारी मागणी होती. मराठीत विश्रांतीला 'दम घेणे' म्हणतात. आपल्या भाषेनेच श्वास आणि विश्रांती एकत्र बांधलेली आहेत. त्यांना वेगळे करू देऊ नये.

म्हणून सर्व शाखांनी पुढील गोष्टींवर चर्चा करून ठराव करावेत, असे आम्ही सुचवितो.

पहिली गोष्ट, श्वासाची पाच मिनिटे ड्यूटीत मोजावीत. साइन ऑनच्या आधी घरून लवकर येऊन ती करा, असे चालणार नाही. प्रशासनाला ती खरोखर महत्त्वाची वाटत असतील तर रोस्टरमध्ये लिहावीत.

दुसरी, हा सराव ऐच्छिक असावा. हजेरीपट, फोटो, अ‍ॅपवरील नोंद यांची सक्ती नको. अपघाताच्या चौकशीत 'कर्मचारी प्राणायाम करीत नव्हता' असे वाक्य येता कामा नये.

तिसरी, जेवण आणि नैसर्गिक विधी यांसाठी वेळ आणि इंजिनात स्वच्छतागृह. यावर पुन्हा विचार होईपर्यंत प्रश्न सोडू नये.

चौथी, ४६ तासांची विश्रांती, सलग रात्रपाळ्यांवर दोनची मर्यादा आणि रिकाम्या जागांची वेळेवर भरती.

पाचवी, रुळावर माणूस चिरडल्याच्या घटनेनंतर लोको पायलट व सहायक यांना पुढच्या सोयीच्या स्टेशनवर मोकळे करावे. बोलण्यासाठी समुपदेशक द्यावा आणि त्याच्याशी झालेले बोलणे वरिष्ठांकडे जाऊ नये.

सहावी गोष्ट प्रशासनाकडे मागावयाची नाही, ती आपणच करावयाची आहे. शाखेच्या सभेत पहिली पाच मिनिटे ज्याला हवे त्याने हा सराव करावा. रनिंग रूममध्ये त्याची रीत कन्नड, मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू अशा भाषांत लिहून लावावी, कारण एकाच रनिंग रूममध्ये पाच भाषांची माणसे झोपतात. एखादा साथी गप्प गप्प राहू लागला, रजा न घेता घरी बसू लागला, दारूकडे वळला, तर त्याच्याजवळ जाऊन बसावे. चार्जशीटला उत्तर लिहून देणे हे जसे युनियनचे काम आहे तसे हेही आहे.

आम्हांला ठाऊक आहे की काही तरुण साथी म्हणतील, सेक्रेटरी साहेब म्हातारे झाले, आता प्राणायाम सांगू लागले. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की वाटाघाटीच्या टेबलावर ज्याचा आवाज चढतो त्याचा मुद्दा बहुधा खाली बसतो. अधिकाऱ्यासमोर फाइल उघडण्यापूर्वी दोन श्वास सावकाश सोडणारा प्रतिनिधी आकडा विसरत नाही. येत्या शाखा सभेत हे ठराव मांडा, त्यावर मोकळेपणाने बोला, आणि मंजूर झालेल्या ठरावाची प्रत विभागीय कचेरीकडे वेळेवर पाठवा.